रात्री दोनला कुणाचे दार वाजते?

वैद्यकीय महाविद्यालयाच्या वार्षिक समारंभात पदकांची यादी लांबलचक असते. शरीररचनाशास्त्रात पहिला, औषधशास्त्रात पहिली, शल्यचिकित्सेत पहिला, क्रिकेट संघाचा कप्तान, गॅदरिंगमधल्या एकांकिकेची नायिका. समारंभ संपल्यावर त्याच विद्यार्थ्यांना एक वेगळा प्रश्न विचारून पाहावा : वायवाच्या आदल्या रात्री हातपाय गळाले, तर कुणाच्या खोलीचे दार वाजवाल? उत्तरात येणारी नावे पदकांच्या यादीत असतीलच असे नाही, पण ती पटकन येतात. आठवावे लागत नाही. बॅचमधल्या जवळपास सगळ्यांना ठाऊक असलेली ही माहिती महाविद्यालयाच्या एकाही रजिस्टरमध्ये मात्र नसते.

सहाध्यायींना सावरणाऱ्या अशा विद्यार्थ्यांची दखल घ्यावी, हा विचार वैद्यकीय शिक्षणात आता रुजू लागला आहे. दखल घ्यायची म्हणजे नेमके काय करायचे, हे तितके सोपे नाही. जे काम दिसत नाही ते शोधायचे कसे आणि शोधल्यावर त्याचा गौरव कसा करायचा, की त्या गौरवानेच ते आटू नये, असा हा दुहेरी पेच आहे.

पैलवानांचा फड

गावोगावचे पहिले पैलवान एकाच फडात उतरवले, तर त्यातल्या निम्म्यांना त्याच दिवशी कळते की आपण निम्म्यांच्या खाली आहोत. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी नेमके हेच होते. २०२४ च्या नीट परीक्षेसाठी सुमारे २४ लाख विद्यार्थ्यांनी नोंदणी केली होती आणि देशभरातल्या जागा लाखाच्या थोड्या वर होत्या. त्यातून निवडला गेलेला प्रत्येक जण आपापल्या शाळेचा, तालुक्याचा, क्लासचा पहिला. सप्टेंबर-ऑक्टोबरात तो फॉर्मॅलिनच्या वासाने डोळे चुरचुरणाऱ्या डिसेक्शन हॉलमध्ये उभा राहतो आणि पहिल्या चाचणीत वर्गात शंभरावा येतो. तो ढ झालेला नसतो, त्याच्याभोवतीचा फड बदललेला असतो. अठराव्या वर्षी हा फरक कुणी समजावून सांगितल्याशिवाय कळत नाही.

पुढची वर्षे ओझे वाढवतच नेतात. जर्नले, पोस्टिंग, सप्लीची धास्ती, मग इंटर्नशिप, मग पदव्युत्तर प्रवेशाची शर्यत, मग रेसिडेन्सीतली सलग ड्यूटी. त्यात पहिला मृत्यू बघणे असते, पहिली चूक असते. याचा परिणाम किती खोल आहे, याचे मोजमाप २०१६ साली 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ४३ देशांतल्या सुमारे १ लाख २२ हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांवरचे अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष असा, की २७.२ टक्के विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य किंवा नैराश्याची लक्षणे होती आणि ११.१ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. याहून बोलका आकडा पुढचा आहे. ज्यांच्यात नैराश्याची लक्षणे आढळली, त्यांतल्या उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण काही मोजक्या अभ्यासांत पाहिले गेले. ते अवघे १५.७ टक्के निघाले. उपचार कुठे मिळतात हे ज्यांना सर्वांत चांगले ठाऊक, त्यांचीच ही गत.

भारतात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कृतिदलाचा अहवाल २०२४ मध्ये पुढे आला. त्यासाठी केलेल्या ऑनलाइन पाहणीत २५,५९० पदवी आणि ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली. आत्महत्येचे विचार आल्याचे पदवीच्या १६.२ टक्के आणि पदव्युत्तरच्या ३१.२ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले. पाहणी ऐच्छिक होती. ज्यांना काही सांगायचे होते त्यांनीच ती अधिक भरली असेल, हे धरून आकडे वाचायला हवेत. तरी थोडे कमी धरले म्हणून ते लहान होत नाहीत.

दूध उतू जाण्यापूर्वी

मदत न मागण्याची कारणे परिचित आहेत. मानसोपचार विभाग त्याच रुग्णालयात असतो, ओपीडीबाहेर बसलेले दिसले तर उद्या सगळ्या वर्गाला कळेल, ही भीती. ज्या सरांसमोर केसपेपर ठेवायचा, त्याच सरांसमोर पुढच्या वर्षी वायवा. कागदावर निदान लिहिले गेले तर पुढे नोकरीत आडवे येईल, हा समज. आणि 'डॉक्टर होणाऱ्यालाच हे कसे?' हा स्वतःलाच विचारलेला प्रश्न.

म्हणून त्रासलेला विद्यार्थी वरच्या दिशेने क्वचित बोलतो, शेजारी मात्र दिसतो. चुलीवरचे दूध उतू जाणार हे ते उतू जाण्याआधी कळते : कडेला बुडबुडे येतात, साय हलते, वास बदलतो. पण हे त्यालाच कळते जो स्वयंपाकघरात उभा आहे. अध्यापकाला विद्यार्थी दिसतो तो आठवड्यातून काही तास, ॲप्रन घालून, हजेरी देताना. खोलीतल्या जोडीदाराला दिसते ते वेगळे. मेसचे ताट अर्धे परत जाते. गजर वाजून वाजून थांबतो. धुवायच्या कपड्यांचा ढीग कॉटखाली सरकत जातो. घरचा फोन आला की हा व्हरांड्यात जाऊन 'सगळं मस्त चाललंय' म्हणतो आणि परत येऊन भिंतीकडे तोंड करून झोपतो. यातले एकेक चिन्ह सुटे घेतले तर काहीच नाही. परीक्षेच्या दिवसांत सगळ्यांचेच कपडे साचतात. तीन-चार चिन्हे एकदम आली आणि दोन आठवडे टिकली, तर ते कडेचे बुडबुडे असतात.

आत्महत्या प्रतिबंधाच्या क्षेत्रात अशा माणसाला 'गेटकीपर' म्हणतात. तो उपचार करत नाही. दारावर उभा राहून कोण अडचणीत आहे हे ओळखतो आणि त्याला आत, म्हणजे योग्य माणसापर्यंत, नेऊन सोडतो.

आधाराचे चार प्रकार

आधार म्हटला की डोळ्यांसमोर खांद्यावर डोके ठेवून रडणे येते. प्रत्यक्षात ते त्याचे एकच रूप. जेम्स हाउस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये सामाजिक आधाराचे चार प्रकार मांडले आणि ते आजही वापरले जातात. पहिला भावनिक : ऐकून घेणे, सोबत बसणे. दुसरा प्रत्यक्ष मदतीचा : ताप आलेल्याला मेसमधून डबा आणून देणे, आजारी मित्राची ड्यूटी बदलून घेणे. तिसरा माहितीचा : फॉर्म कुठे मिळतो, कोणते सर कुठे अडकवतात, सप्लीत नेमके काय विचारतात. चौथ्याला नेमका मराठी शब्द नाही. दुसऱ्याला स्वतःचे माप योग्य लावायला मदत करणे, असे त्याचे वर्णन करता येईल. 'तू नापास झालास म्हणजे मूर्ख नाहीस, त्या प्रश्नपत्रिकेत अर्धा वर्ग गेला,' हे वाक्य चौथ्या प्रकारातले.

तिसऱ्या प्रकाराला सगळ्यांत कमी किंमत मिळते. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शासकीय महाविद्यालयाच्या वॉर्डात तो रोज पाहायला मिळतो. शासकीय महाविद्यालयांतल्या पदवीच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, त्यामुळे प्रत्येक बॅचमध्ये राजस्थान, केरळ, बिहार, दिल्लीहून आलेली मुले असतात. २०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात सुरुवातीच्या पायाभूत वर्गांत स्थानिक भाषेची ओळख करून दिली जाते. पण पुस्तकी मराठी वॉर्डात पुरत नाही. पेशंट सांगते, 'पोटात गोळा येतो'. विद्यार्थी गाठ लिहितो. 'हातापायाला मुंग्या येतात' म्हटल्यावर तो कीटकदंशाकडे वळतो. 'अंगात कणकण आहे', 'जीव घाबरा होतो', 'अंगावरून पांढरं जातं' यांपैकी काहीच शब्दकोशातून उलगडत नाही. आणि एखादी बाई लाजत म्हणाली, 'दिवस गेलेत', तर 'किती दिवस गेले?' असा प्रतिप्रश्न येतो आणि वॉर्डातल्या चार खाटा हसतात. हसण्यात वाईट हेतू नसतो. पण युनिटमध्ये आधीच बुजलेल्या मुलाला ते पुरे होते. दुसऱ्या दिवसापासून तो पेशंटच्या खाटेजवळ जायचे टाळू लागतो, हिस्ट्री दुसऱ्याची उतरवतो आणि केस प्रेझेंटेशनला उघडा पडतो.

अशा वेळी एखादी वर्गमैत्रीण पाठकोऱ्या केसशीटवर पंचवीस-तीस शब्दप्रयोग लिहून देते, समोर इंग्रजी अर्थ, आणि पहिले चार दिवस त्याच्याबरोबर खाटेपाशी उभी राहते. तिने कुणाचे अश्रू पुसलेले नसतात. त्या मुलाचे वर्ष वाचवलेले असते, आणि बाईच्या पोटातल्या गोळ्याची नोंदही योग्य झालेली असते. तो कागद पुढे झेरॉक्स होऊन धाकट्या बॅचकडे जातो. लिहिणारीचे नाव तोवर गळून पडलेले असते.

हे काम दिसत का नाही

पहिले कारण उघड आहे : परीक्षा ज्ञान मोजते आणि हे ज्ञान नाही. दुसरे जरा सूक्ष्म आहे. घडलेल्या गोष्टीची नोंद होते, टळलेल्या गोष्टीची होत नाही. ज्या रात्री काही वाईट घडू शकले असते आणि घडले नाही, ती रात्र इतर रात्रींसारखीच दिसते. धरणाचा दरवाजा वेळेवर उघडणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात येत नाही, तसेच हे.

तिसरे कारण गुपिताचे. ज्याला मदत झाली तो ती जाहीर सांगणार नाही, आणि ज्याने केली त्याने सांगितली तर ती मदतच राहत नाही. म्हणजे या कामाचा पुरावा देऊ शकणारी दोनच माणसे, आणि दोघांनीही गप्प राहणे योग्य. म्हणूनच 'अर्ज करा, सोबत पुरावे जोडा' अशा धर्तीचा पुरस्कार इथे निरुपयोगी ठरतो. अर्ज करणारा बहुधा चुकीचा उमेदवार असतो. अध्यापकांनी नावे सुचवावीत, ही पद्धतही लंगडी, कारण अध्यापकांना दिसणारा विद्यार्थी हा मंचावर दिसणारा असतो : सूत्रसंचालन करणारा, रक्तदान शिबिराचे फलक लावणारा.

पाण्याची विहीर गावाला विचारावी

नव्या गावात पिण्याच्या पाण्याची विहीर कोणती, हे बांधकाम पाहून कळत नाही. घागरी घेऊन बायका कुठे जातात ते पाहावे लागते. माणसांच्या बाबतीत ही युक्ती शास्त्रात आणली जेकब मोरेनो यांनी. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी शाळा आणि वसतिगृहांतल्या मुलामुलींना 'तुला शेजारी कोण हवे?' असे विचारून उत्तरांचे बाणांचे नकाशे काढले. प्रत्येक व्यक्ती म्हणजे एक ठिपका. 'अ'ने 'ब'चे नाव घेतले की अकडून बकडे बाण. काही ठिपक्यांवर बाणांची गर्दी होते, काहींकडे एकही येत नाही. या पद्धतीला समाजमिती म्हणतात.

वैद्यकीय शिक्षणात तिचा ठळक वापर अमेरिकेत झाला. तिथे गुणांवर आधारलेली अल्फा ओमेगा अल्फा ही मानसंस्था १९०२ पासून आहे. अर्नोल्ड गोल्ड या बालमेंदूविकारतज्ज्ञाच्या नावाने १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रतिष्ठानाने २००२ मध्ये दुसरी मानसंस्था सुरू केली, ती माणुसकीच्या गुणावर. तिच्या निवडीचा मुख्य आधार सहाध्यायींनी दिलेली नावे हाच आहे. वर्गाला साधे प्रश्न विचारले जातात, नावे मोजली जातात आणि मग महाविद्यालयाची समिती ती तपासते. त्या निवडीत रुग्णांशी वागणेही पाहिले जाते, केवळ मित्रांशी वागणे नव्हे. पण पद्धत तीच.

सगळी मेख प्रश्नाच्या शब्दांत असते. दीडशे जणांची एक काल्पनिक बॅच घेऊ. 'सहलीला कुणाबरोबर जायला आवडेल?' असे विचारले, तर गिटार वाजवणाऱ्या एकाला चाळीस मते पडतात. 'वॉर्डात हातून चूक झाली, तर सिनिअरला सांगण्याआधी कुणाला सांगाल?' असे विचारले, तर त्याच गिटारवाल्याला तीन मते आणि मागच्या बाकावरच्या एका अबोल मुलीला चौदा. 'सगळ्यांत मदत करणारा कोण?' हा प्रश्न मात्र वाईट, कारण तो मत मागतो. चांगला प्रश्न घटना मागतो : गेल्या सहा महिन्यांत तुम्ही अडचणीत असताना प्रत्यक्ष कुणाकडे गेलात? मत देताना माणूस लोकप्रियतेकडे झुकतो, घटना आठवताना तितका झुकत नाही.

तरीही गटबाजी होऊ शकते. आठ जणांनी ठरवून नवव्याचे नाव लिहिले की झाले. त्यावरचा तोडगा असा, की चिठ्ठीवर लिहिणाऱ्याचे नाव नसावे, पण कोणत्या मजल्यावर राहतो किंवा घरून ये-जा करतो, एवढे छापलेले असावे. अबोल मुलीची चौदा मते पाच वेगवेगळ्या कोपऱ्यांतून आली असतील आणि दुसऱ्याची वीस मते एकाच मजल्यावरून, तर चौदा वजनदार. एका विहिरीवर पाच आळ्या पाणी भरतात. दुसरीवर एकच वाडा.

शाबासकीचे गणित

नावे सापडली. आता बक्षीस द्यावे काय? इथे मानसशास्त्राचा एक जुना प्रयोग वाट अडवतो. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत ज्यांना चित्रे काढायला मुळातच आवडते अशी मुले निवडली आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला सांगितले, चित्र काढलेस तर सोनेरी ताऱ्याचे, रिबिन लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्याला काही सांगितले नाही, पण चित्र झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र दिले. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी रंगीत पेने पुन्हा मांडून ठेवली, तेव्हा पहिल्या गटातली मुले इतरांच्या तुलनेत निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. हा प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या गटाचे काही बिघडले नव्हते, हे त्यातले महत्त्वाचे. बक्षिसाने नुकसान केले नाही. आधी कबूल केलेल्या बक्षिसाने केले. 'मी हे का करतो?' या प्रश्नाचे उत्तर मुलाच्या मनात 'आवडते म्हणून'वरून 'प्रशस्तिपत्रासाठी'वर सरकले.

याच सुमारास, १९७० मध्ये, रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाने रक्तदानाबद्दल असेच काहीसे मांडले होते : रक्ताला किंमत लावली की देण्याची वृत्ती कमी होते. त्यावर पुढे बराच वाद झाला आणि सगळीकडे तसे होत नाही असेही दिसले. पण ज्या कामाचे मोल ते निरपेक्ष असण्यातच आहे, तिथे मोबदल्याचा मोह जपून वापरावा, एवढा बोध टिकून आहे.

वसतिगृहात याचा अर्थ सरळ आहे. मदतीला गुण, हजेरीत सवलत किंवा 'महिन्याचा उत्तम मित्र' असा फलक लावला, की दार वाजवणाऱ्याच्या मनात शंका येते : हा माझे ऐकतोय की खाते भरतोय? आधार द्यायला येणाऱ्यावर ही शंका आली की आधार संपतो. उलट, वर्ष सरल्यावर न सांगता आलेले अधिष्ठात्यांच्या सहीचे पत्र, त्यात 'तुमच्या वर्गातल्या अनेकांनी अडचणीत तुमचे नाव घेतले' एवढे एकच वाक्य, हे बालवाडीतल्या दुसऱ्या गटासारखे आहे.

भारतातल्या एका व्यवस्थेचा इथे अनपेक्षित फायदा होतो. अमेरिकेत रेसिडेन्सीच्या अर्जात मानसंस्थांचे सदस्यत्व नोंदवता येते, त्यामुळे तिथल्या निवडीत थोडा का होईना स्वार्थ शिरतो. भारतात पदव्युत्तर प्रवेश नीट-पीजीच्या गुणांवर ठरतो. चांगुलपणाला तिथे शून्य गुण. या व्यवस्थेला एरवी कितीही नावे ठेवावीत, पण तिच्यामुळे सीट मिळावी म्हणून कुणी कुणाचे अश्रू पुसणार नाही, एवढी खात्री राहते.

चौकट : मित्राचे काम कुठे संपते

सोबत बसणे, जेवायला नेणे, ऐकणे, समुपदेशकाकडे बरोबर जाणे हे मित्राचे काम. निदान करणे, झोपेच्या गोळ्या सुचवणे, रात्रभर एकट्याने पहारा देणे हे नाही. मित्र जीव देण्याबद्दल बोलला, वस्तू वाटून टाकू लागला किंवा निरवानिरवीची भाषा करू लागला, तर 'कुणाला सांगू नकोस' हे वचन पाळायचे नसते. वॉर्डन, अध्यापक किंवा कॅज्युअल्टी यांपैकी जे जवळ असेल त्याला तत्काळ सांगायचे आणि तोवर त्याला एकटे सोडायचे नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास मिळते आणि मराठीतूनही बोलता येते.

खांद्यावर किती ओझे

ज्याच्याकडे सगळे जातात, तो कुणाकडे जातो? मोरेनोच्या नकाशात बाणांची सर्वाधिक गर्दी ज्या ठिपक्यावर, त्यातून बाहेर जाणारा बाण कधीकधी एकही नसतो. त्यालाही परीक्षा आहे, त्यालाही झोप हवी. दखल घेण्यातला सगळ्यांत मोठा धोका इथेच आहे. एकदा नाव जाहीर झाले की आजवर आठवड्यातून दोनदा वाजणारे दार रोज वाजू लागते, आणि 'आज नको' म्हणणे अवघड होते.

म्हणून पदकाबरोबर प्रशिक्षण यायला हवे, किंबहुना पदकाच्या आधी. बेटी किचनर आणि अँथनी जॉर्म यांनी २००० साली ऑस्ट्रेलियात 'मानसिक आरोग्य प्रथमोपचार' हा अभ्यासक्रम सुरू केला. कल्पना साध्या प्रथमोपचाराचीच : रस्त्यावर पडलेल्याचा रक्तस्राव कसा थांबवायचा हे सामान्य माणसाला शिकवता येते, तसेच मन कोसळलेल्याशी पहिले काही तास कसे वागायचे हेही शिकवता येते. अशा प्रशिक्षणातला सर्वांत उपयोगी धडा म्हणजे थेट विचारणे. आत्महत्येचा विषय काढला तर डोक्यात नसलेला विचार घुसेल, अशी सर्वसाधारण भीती असते. संशोधनाने तिला आधार दिलेला नाही; विचारल्याने असे विचार वाढत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. 'जीव द्यावासा वाटतो का रे तुला?' हा प्रश्न शांतपणे उच्चारणे मात्र सरावाशिवाय जमत नाही. म्हणून तो जोडीजोडीने मोठ्याने म्हणायला लावतात, आणि पहिल्या खेपेला बहुतेकांचा आवाज अडखळतो.

मदत करणाऱ्याला कायद्याचीही थोडी जाण हवी. आत्महत्येचा प्रयत्न केलेला मित्र कॅज्युअल्टीत न्यायचा म्हणजे पोलीस केस होणार, या भीतीने मौल्यवान तास जातात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूमिका बदलली आहे. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायचे, तिच्यावर खटला भरून शिक्षा करायची नाही, आणि सरकारने तिला उपचार व पुनर्वसन द्यायचे, असे हा कायदा सांगतो.

सिनिअर-ज्युनिअर नात्याबद्दल एक सावधगिरी आवश्यक आहे. वसतिगृहाच्या ज्या व्हरांड्यात सिनिअर आपली पुस्तके आणि नोट्स धाकट्याला देऊन जातो, त्याच व्हरांड्यात रॅगिंगही होते. सत्ता दोन्हीकडे एकच आहे. म्हणून केवळ वरच्या वर्षात आहे एवढ्यावरून कुणाला 'आधारदूत', म्हणजे सहाध्यायींना सावरण्याची जबाबदारी दिलेला विद्यार्थी, नेमणे चुकीचे; नाव खालून यायला हवे.

पदक देऊन सुटका नाही

विद्यार्थ्यांनी एकमेकांना सावरावे ही अपेक्षा वाढत गेली, की महाविद्यालयाला एक सोयीची पळवाट मिळते. छत गळते आहे आणि बादल्या लावणाऱ्यांचा सत्कार चालला आहे, असे व्हायला वेळ लागत नाही. कृतिदलाच्या अहवालाने रेसिडेंट डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांहून अधिक असू नये अशी शिफारस केली, यावरूनच प्रत्यक्षात ते किती होत असेल याचा अंदाज येतो. छत्तीस तास जागलेल्या रेसिडेंटला मित्राचे सांत्वन पुरत नाही, झोप लागते.

रचना बदलली तर मनःस्थिती बदलते, याची उदाहरणे आहेत. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाने पहिल्या दोन वर्षांसाठी श्रेणी बंद करून फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठेवले. विद्यार्थ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले आणि अभ्यासाची पातळी खाली आली नाही, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. सेंट लुईस विद्यापीठाने श्रेणीबरोबरच वर्गाचे तासही कमी केले, विद्यार्थ्यांचे छोटे गट बांधले. तिथे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांतले नैराश्य आणि चिंता घटली. त्या छोट्या गटांत सहाध्यायींचा आधार होताच, पण तो बदललेल्या वेळापत्रकाच्या जोडीने होता. फड तोच ठेवून पैलवानांना फक्त एकमेकांची मालिश करायला सांगितलेले नव्हते.

चिठ्ठीपासून पत्रापर्यंत

हे सगळे एखाद्या महाविद्यालयात करायचे, तर त्याचा खर्च जवळपास नाही. वर्षाच्या शेवटी, परीक्षेच्या हंगामापासून दूर, एका तासिकेत चिठ्ठ्या वाटाव्यात. प्रश्न एक-दोनच असावेत. चिठ्ठ्या मोजणारे अध्यापक त्या वर्षाचे परीक्षक नसावेत. ज्यांची नावे अनेक कोपऱ्यांतून आली, त्यांना आधी एकांतात विचारावे, की नाव जाहीर झालेले चालेल काय. काहींना चालत नाही, आणि ते मानले पाहिजे. त्यांना पत्र द्यावे, मंचावर बोलावू नये. मतांची संख्या कुणालाही सांगू नये, नाहीतर पुढच्या वर्षी तिचीही क्रमवारी लागेल. होकार देणाऱ्यांना प्रशिक्षणाचे दोन दिवस, त्या दिवसांची हजेरी, समुपदेशकाचा थेट फोन नंबर आणि महिन्यातून एकदा त्यांचे स्वतःचे ऐकून घेणारे कुणीतरी, एवढे द्यावे. जबाबदारी एका वर्षापुरती असावी. मुदत संपली की कारण न देता बाजूला होता यावे.

मोजणी झाल्यावर चिठ्ठ्या फाडून टाकायच्या असतात. त्याआधी आणखी एक आकडा उतरवून घ्यावा लागतो, कोऱ्या चिठ्ठ्यांचा. दीडशेपैकी अकरा जणांनी कुणाचेच नाव लिहिले नसेल, तर ते अकरा कोण हे चिठ्ठीवरून कळणार नाही आणि कळू नये. त्या कोणत्या मजल्यावरच्या, एवढे मात्र कागदावर छापलेले असते. नव्या आधारदूतांनी फेरी कुठून सुरू करायची, हे त्यावरून ठरवता येते.